पालकाची सही

जानेवारीत आमचं गाव अर्धं रिकामं होतं.
मिरची तोडायला खम्ममकडे निघतात जिपा,
टपावर गंज, गोधड्या, तांदळाचे कट्टे,
आणि मागे उरतात कोंबड्या, म्हातारे,
माझ्या हजेरीपटावरची एकोणीस नावं.

पालक सभेला सात जण आले.
सातवी आचल नन्नावरे, इयत्ता सहावी,
धाकट्या लोकेशची पालक म्हणून.
डोक्यावरून ओढणी, पायांत आईच्या चपला,
टाचेमागे दोन बोटं मोकळी.
खुर्चीत नीट बसली तर पाय जमिनीला पोचेनात
म्हणून पुढं सरकून नुसती कडेला टेकली.
"म्याडम, तो वर्गात तरास देते का?
घरी मी घेतो त्याचा अभ्यास,
पण चुलीपाशी झोपून जाते."

मी हसले. बाकीचे पालकही हसले.
"लय गुणाची पोरगी," कुणीतरी म्हणालं.

वाघ फिरतो म्हणून दिवस मावळायच्या आत
ती कोंबड्या मोजून आत घेते, आणि लोकेशला.
लाखोळीची डाळ रविवारपर्यंत पुरवते.
शनिवारी शेजारच्या फोनवर आई विचारते,
ही सांगते, "सगळं बरं हाये,"
हाताखाली लोकेशचं तापलेलं कपाळ,
आशाताईला विचारून दिलेली अर्धी गोळी.
मग विचारते, "तू जेवली का, माय?"

मागच्या वर्षी मीच लिहिलं तिच्या प्रगतिपुस्तकात:
अत्यंत समजूतदार. इतरांनी आदर्श घ्यावा.
सव्वीस जानेवारीला पेनपाऊच दिला,
टाळ्या सगळ्यात जोरात माझ्याच होत्या.
तालुक्याहून फॉर्म आला तेव्हाही
'घरात प्रौढ व्यक्ती आहे का?' या प्रश्नापुढे
"शेजारची काकू लक्ष ठेवते, लिहा होय,"
असं सरपंच म्हणाले
आणि मी होय लिहिलं.
काकूच्या घराला डिसेंबरपासून कुलूप होतं.
मला ठाऊक होतं.

एप्रिलात जिपा परतल्या.
मी प्रगतिपुस्तकं घेऊन घरी गेले.
आई खाली बसलेली, हात परातीतल्या पाण्यात,
बोटं सोललेली, नखांच्या कडा लाल.
भात चुलीवर होता.
तिनं मान वर करून लेकीला विचारलं,
"मीठ कोठी ठेवतं तू?"

आचलनं फळीवरचा डबा काढून दिला.
वरच्या फळीवरचा नाही, खालच्या.
तिच्या हाताला येईल अशा उंचीवर
सगळं घर खाली उतरलं होतं:
माचीस, तेल, दिवा, कुंकवाची डबी.
लोकेश पडला, गुडघा फुटला,
आणि रडत आईला ओलांडून
हिच्याकडे गेला.
आईनं हात पाण्यातून काढले होते. पुन्हा बुडवले.

मी पेन पुढं केला.
"भगभगतात जी बोटं," ती म्हणाली,
"आचल, तूच कर. माही सही तुले येतेच."

येत होतीच. तीन महिने
दोन्ही पुस्तकांवर तीच सही होती,
लोकेशच्या आणि तिच्या स्वतःच्या.
स्वतःच्या पुस्तकात, गणिताच्या लाल शेऱ्याखाली,
पालकांच्या अभिप्रायात तिनं लिहिलं होतं:
'ध्यान देत नाही. मी तिले समजावून सांगीन.'

पेन मी काढून घेतला.
म्हटलं, आज सही राहू दे,
जा, पोरी लंगडी खेळतायत देवळापुढं.
ती आईकडं बघत राहिली, मग भाताकडं.
"भात उतरवून जातो."
"मी उतरवीन," मी म्हणाले.
"पाणी जास्त झालं तं निथळजा," ती म्हणाली मला.

वाफ तोंडावर घेत मी दारातून पाहिलं.
ती गेली. मैदानाच्या कडेला उभी राहिली,
कंबर एका अंगाला कललेली,
कुणी कडेवर नसताना.
पोरी तिच्याभोवती जमल्या, काही तरी ठरलं,
आणि ती दगडावर बसून
आउट कोण, डाव कुणाचा, भांडण कुणाचं
निवाडा करू लागली.

भात जरा लागलाच.
शेऱ्याची ओळ अजून कोरी आहे.